पूल रिकामा होईपर्यंत

कारखानीसबाई घरी काय बोलतात ते मला कधी धड ऐकू आलं नाही. डोंबिवलीला त्यांच्या स्वयंपाकघरात बसलं की कान पुढे करून ऐकावं लागायचं, आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली तर तेवढं वाक्य गेलंच म्हणून समजा. "अहो बाई, जरा मोठ्यानं बोला ना!" मी वैतागून म्हणायची. त्या हसायच्या आणि आणखी हळू म्हणायच्या, "अगं सुलू, मोठा आवाज सरकारी आहे. तो घरी आणत नाही मी."

आम्ही दोघी एकाच स्टेशनात नोकरीला होतो. मी तिकीट खिडकीवर, त्या अनाउन्सर. स्टेशनचं नाव सांगत नाही, कल्याणच्या पलीकडचं आहे एवढं पुरे. पेन्शन अजून रेल्वेचीच खाते मी, उगाच कशाला? त्यांची खोली म्हणजे माझ्या खिडकीला लागून असलेलं एक खुराडं होतं. आत टेबल, माईक, फोन, कुरकुरणारा पंखा, आणि एक खिडकी. त्या खिडकीतून फलाटावरचा पूल आणि त्याचा अरुंद जिना समोर दिसायचा. आमच्या दोघींच्या मध्ये नुसती प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे त्या माईकवर काय बोलतात ते सगळ्या स्टेशनाला ऐकू यायचं आणि माईक बंद करून काय बोलतात ते फक्त मला.

रोजच्या गाड्या तेव्हाही मशीनच सांगायचं. बाईंकडे उरायचं ते उशीर, बिघाड, ऐनवेळी बदललेला फलाट आणि हरवलेली माणसं. "चांगल्या बातम्या मशीनला, वाईट बातम्या मला," असं त्या म्हणायच्या, पण तक्रार म्हणून नाही हं. वाईट बातमी माणसानंच सांगावी असं त्यांचं मत होतं.

आणि ती उभं राहून सांगावी, हेही. खुर्ची होती, चांगली गादीची होती, पण माईकचं बटण दाबायच्या आधी बाई उठून उभ्या राहायच्या, पदर नीट करायच्या आणि मग बोलायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच फुटलं. म्हटलं, बाई, तुम्हाला कोण बघतंय इथे? तर म्हणाल्या, "ते सगळे उभे आहेत बिचारे. उभ्या माणसाला बसून सांगायचं, गाडी अर्धा तास उशिरा आहे म्हणून? बरं दिसतं का ते?" पुढे गुडघे दुखायला लागले तरी ही सवय काही सुटली नाही. टेबलाला धरून उठायच्या, "आई गं" म्हणायच्या, आणि पुढच्या क्षणाला फलाटभर तो भरदार, घोटीव आवाज. आधीचं "आई गं" फक्त मला माहीत.

गळ्याची काळजी तर विचारूच नका. तोंडात ज्येष्ठमधाची काडी, थंड पाणी वर्ज्य, आइस्क्रीमकडे बघायचं नाही. जातीच्या सीकेपी, मासळीवर जीव, पण ड्युटीच्या दिवशी काट्यांची मासळी खायच्या नाहीत. "काटा अडकला तर गाड्या कोण सांगणार?" मग डब्यात कोलंबीची खिचडी यायची, आणि तिच्यातली निम्मी माझ्या ताटलीत. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, भाचीजवळ राहायच्या. त्याबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माईक म्हणजे त्यांचं देवघर. पुढारी आले, अमक्याच्या वाढदिवसाचं तेवढं जाहीर करा म्हणाले, तर बाई शांतपणे सांगायच्या, "हा रेल्वेचा माईक आहे, गणपतीच्या मांडवातला नाही." साहेब लोकांचे फोन यायचे, तरी ऐकायच्या नाहीत. पण कुणाचं माणूस हरवलं असेल तर बाई हातातला घास टाकून उठायच्या. म्हातारं माणूस असेल तर "वेडसर", "भ्रमिष्ट" असले शब्द कुणी कितीही सांगितले तरी वापरायच्या नाहीत. म्हणायच्या, "तो ऐकत असला तर?"

एकदा शहाडचा एक माणूस घामाघूम होऊन आला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात भेटवस्तूची पिशवी. ठाण्याला कोलशेतला बारशाला निघालेले नवरा-बायको, काहीतरी कामासाठी आधी आमच्याकडे उतरलेले.

"मॅडम, माझी मिसेस हरवलीय. अनाउन्स करा ना जरा."

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "हरवली की गेली?"

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"भांडण झालं का?"

"तसं भांडण म्हणजे... मी फक्त म्हटलं की ही साडी कशाला नेसलीस, आईनं दिलेली नेसायची."

"बरं बरं. आडनाव?"

"पाटील."

बाई उठल्या, पदर नीट केला, आणि सबंध स्टेशनाला ऐकू आलं: "शहाडच्या सौभाग्यवती पाटील यांनी कृपया ऐकावं. आपले यजमान तिकीट खिडकीपाशी उभे आहेत. ते आणखी तासभर उभे राहणार आहेत. आपल्याला सवड होईल तेव्हा यावं. घाई नाही."

अख्खा फलाट खो खो हसायला लागला. माझ्या रांगेतली माणसं सुट्टे पैसे विसरली. पाटीलबाई कॅन्टीनपाशी लिंबू सरबत पीत होत्या, त्या ते निवांत संपवून आल्या. पाटील तोवर लालबुंद. "मॅडम, सगळ्या स्टेशनासमोर अब्रू काढलीत माझी!" बाई इतक्या हळू बोलल्या की त्याला वाकून ऐकावं लागलं. "तुमचं नाव कुठे घेतलं मी? शहाडला पाटील काय एकच आहेत?" हे ऐकून त्याची बायको जी हसली, ती त्याला हाताला धरून पुलाच्या पहिल्या पायरीपर्यंत हसतच गेली. चांगली मरून रंगाची साडी होती, शोभतही होती तिला. आता खोटं कशाला बोलू?

असं सगळं गमतीत चाललेलं असायचं. पण फलाट बदलल्याचं सांगायची वेळ आली की बाई वेगळ्याच व्हायच्या. चेहरा ताठ. फोनवर कंट्रोलशी, म्हणजे गाड्या हलवणाऱ्या वरच्या ऑफिसशी, बोलणाऱ्या डेप्युटी स्टेशनमास्तरांना आधी विचारायच्या, "गाडी बाहेर थांबवलीय का? किती वेळ देणार लोकांना?" उत्तर मिळेपर्यंत माईकला हात लावायच्या नाहीत. नवीन आलेल्या साहेबाला वाटायचं, ही बाई आगाऊ आहे. काही म्हणायचे, हिचं काम गाडी सांगायचं, गाडी चालवायचं नाही.

एकदा दुपारी डबा खाताना मी विचारलंच, एवढं काय हो त्यात? तेव्हा बाईंनी सांगितलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. गाडी दोनऐवजी तीनवर येणार, एवढंच त्या म्हणाल्या, आणि गाडी तर समोर दिसत होती. सगळा फलाट एकदम पुलाकडे पळाला. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी जिन्यात पडली, तिच्यावर माणसं. जीव वाचला, पण हात असा मोडला की कायमचा वाकडा राहिला. बाई पुढे कितीतरी वेळा तिच्या घरी जाऊन आलेल्या.

"पण तुमची काय चूक त्यात?" मी म्हटलं. "तुम्ही तर बरोबरच सांगितलं होतं."

"हो ना. शब्दन्‌शब्द बरोबर होता." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आपण बोललो की लोकांचे पाय उचलतात गं, सुलू. ते विचार करत नाहीत, आपल्यावर सोडतात. मग कुठे पडतील ते आपण बघायला नको?" त्या दिवशी त्यांनी खिचडी तशीच ठेवली.

मग पुढे एक दिवस असा आला. सकाळची गर्दीची वेळ. पुढे काहीतरी बिघाड, मागे दोन गाड्या अडकलेल्या, आणि ठाण्याकडे जाणारी गाडी ऐनवेळी दोनऐवजी तीनवर घ्यायचं ठरलं. डेप्युटी होते भोईटेसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांच्या एका कानाला कंट्रोलचा फोन आणि दुसऱ्या कानात लोकांच्या शिव्या. ते बाईंच्या दारात येऊन ओरडले, "बाई, तीन नंबर बोला, लवकर!"

"गाडी थांबवलीत?"

"सिग्नल दिलाय हो! आत येतेय ती! बोला!"

मी प्लायवूडच्या अलीकडे, हातात तिकीट तसंच. आता बाई काय करणार? बोलल्या तर लोक पळणार. नाही बोलल्या तर गाडी दिसल्यावर पळणारच. पूल आधीच अर्धा भरलेला, जिन्याचं अर्धं अंग दुरुस्तीला बांबू लावून बंद केलेलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. या वेळी "आई गं" काही ऐकू आलं नाही.

"ठाण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे. कुणीही पळू नये. ही गाडी थांबणार आहे. पुलावरचा शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत ही गाडी सुटणार नाही. मी इथून बघते आहे. मी सांगितल्याशिवाय गाडी सुटणार नाही."

अहो, काय अधिकार या बाईला? गाडी सोडायची की नाही ते सिग्नल ठरवतो, गार्ड ठरवतो, कंट्रोल ठरवतं. अनाउन्सरचं कोण ऐकतं? पण बाई बोलून बसल्या होत्या, आणि अख्ख्या स्टेशनानं ते ऐकलं होतं. भोईटेसाहेब दारात उभे, तोंड उघडं. "काय बोललात तुम्ही हे? कुणी सांगितलं थांबणार म्हणून?"

बाईंनी माईक बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज थरथरताना ऐकला. "साहेब, आता मला खोटं पाडू नका. आज गाडी सुटली तर उद्या मी काहीही सांगितलं तरी हे लोक पळणारच. मला काय ती शिक्षा नंतर द्या. आत्ता धरून ठेवा."

भोईटेंनी कपाळावर हात मारला. पण फोन उचलला. पुढचा सिग्नल लालच राहिला. मी खिडकी सोडून उठले, रांगेतल्यांनी बोंब मारली तरी उठले, आणि बाहेर येऊन बघितलं. लोक खरोखर चालत होते हो! कुणी कुणाला पुढे जाऊ देत होतं. एका बाईनं पोराला कडेवर घेऊन मधे थांबून चप्पल नीट घातली, आणि मागचा माणूस थांबला. मधूनमधून वरून आवाज येत होता, "सावकाश. अजून पुलावर माणसं आहेत. गाडी उभी आहे." शेवटचा एक काठीवाला म्हातारा उतरला. मग बाई म्हणाल्या, "धन्यवाद. आता गाडी सुटेल." आणि सुटली. मला तेव्हा रडू आलं होतं, का ते आजही नीट सांगता येणार नाही.

पण गाड्या खोळंबल्या होत्या, कंट्रोलचं डोकं फिरलं होतं. चौकशी लागली. वरून एक साहेब आले. तसे सौम्यच होते. भोईटेंनीही चांगलं सांगितलं, शेवटी धरून ठेवायचा निर्णय आपलाच म्हणाले. साहेबांची एकच अट होती. बाईंनी तोंडी कबूल करायचं की पुन्हा असं मनानं बोलणार नाही, जे सांगितलं तेवढंच बोलेन. प्रकरण तिथेच मिटलं असतं. माईकही राहिला असता.

आम्ही सगळे बाईंच्या मागे लागलो. मी तर भांडलेच. "अहो, म्हणून टाका ना! निवृत्तीला राहिलीत किती वर्षं? एक वाक्य तर आहे. तुम्हाला काय वाक्यं कमी येतात?"

बाई म्हणाल्या, "सुलू, पूल पुन्हा तसा भरला तर मी पुन्हा तेच बोलेन. मग त्यांना आज खोटं सांगू? खोटं बोलून त्या माईकसमोर उभी कशी राहू?"

आता याला काय म्हणायचं? अशा माणसांशी वाद घालता येत नाही आणि त्यांच्यावर रागावताही येत नाही धड. साहेबांपुढेही त्यांनी हेच सांगितलं, त्याच मऊ घरगुती आवाजात. साहेबांना दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं. माईक गेला. बाईंना हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं, आणि त्यांच्या जागी आलेला मुलगा बसून बोलायचा.

मला वाटलं होतं, बाई खचतील. पहिले काही दिवस खचल्याच. गळ्याभोवती पदर घट्ट ओढून बसायच्या, ज्येष्ठमधाची काडीही बंद. मग एके दिवशी गेले तर बाई नळाखाली स्टीलचे डबे घासत होत्या. लोक गाडीत डबे विसरतात, आत भाजी-पोळी तशीच, आणि ते सगळं वास मारत फळीवर पडून राहायचं. "शिळ्या अन्नाचा डबा कुणाच्या हातात परत द्यायचा?" म्हणाल्या. त्यानंतर आमच्या स्टेशनावर हरवलेला डबा मिळाला तर लख्ख घासलेला मिळायचा. एक बाई तर डबा बघून म्हणाली, हा माझा नाहीच, माझा एवढा चकचकीत नव्हता!

पण फलाट बदलल्याचं कानावर आलं की हातातलं काम टाकून त्या दारात यायच्या आणि पुलाकडे बघत उभ्या राहायच्या. ओठ हलायचे. मी ते बघायची आणि मुकाट्यानं तिकिटं द्यायची. तशाच त्या निवृत्त झाल्या.

पुढे काही वर्षांनी माझा निरोपसमारंभ झाला, तेव्हा बाई डोंबिवलीहून मुद्दाम आलेल्या. गुडघ्यांनी हैराण, तरी आल्या. समोसे झाले, भाषणं झाली, आणि संध्याकाळी आम्ही दोघी घरी जायला निघालो. पूल चढताना बाई दर चार पायऱ्यांनी थांबत होत्या. वर पोचलो, आणि मशीन बोललं. आमची गाडी दुसऱ्या फलाटावर येत होती. तशी ती दिसतच होती.

झालं. सगळा पूल एकदम वळला. बॅगा, कोपरं, "अरे चल ना यार", "हटो हटो". समोर तोच अरुंद जिना. मी बाईंना कठड्याकडे ओढलं. आणि बाईंनी माझा हात सोडवला, जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पळू नका!"

अहो, काय आवाज! माईक नाही, काही नाही. सत्तरीला टेकलेली बाई, आणि पुलाच्या पत्र्यावर आदळून तो आवाज परत आला. लोक थबकले. कुणाला कळेना कोण बोलतंय. "कुणीही पळू नये. एकामागे एक उतरा. सावकाश." आणि लोक खरंच एकामागे एक उतरायला लागले. गाडी थांबेल असं मात्र बाई म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. नाही म्हणाल्या. ते आता त्यांच्या हातात नव्हतं.

गाडी थांबली नाही. निम्मे लोक जिन्यातच होते आणि ती निघून गेली.

मग जो काही गोंधळ! "काय आजी, तुम्हाला कुणी सांगितलं मधे पडायला?" एक पोरगा पार अंगावर आला. "माझी गाडी गेली ना तुमच्यामुळे!" मी त्याला चांगला फैलावर घेणार होते, जीभ शिवशिवत होती माझी, पण बाईंनी मला अडवलं.

"गेली रे बाळा," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा तसाच, कान द्यावा लागेल असा. "माझीपण तीच होती."

तो काहीतरी पुटपुटत खाली गेला. बाकीचेही गेले, आमच्याकडे रागानं बघत. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण न झालेल्या गोष्टीचे आभार कोण मानतं? बाईंचा श्वास लागला होता. कठड्याला दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती.

"सुलू, गाडी चुकवली मी एवढ्या लोकांची. चुकलं का गं माझं?"

"नाही हो बाई," मी म्हटलं. मला हुंदकाच आला. "अजिबात नाही."

त्यानंतरच्या श्रावणात त्या गेल्या. आजारपणात मी भेटायला जायची, पण ते अंथरुणातलं रूप मी काही लक्षात ठेवलेलं नाही. माझ्यासाठी शेवटच्या बाई त्या पुलावरच्याच. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, चला, आता आपण जाऊ, पुढची गाडी येईल. त्या हलल्या नाहीत.

"आधी बघ, जिन्यात कुणी आहे का."

मी वाकून बघितलं. मोबाइलमध्ये डोकं घातलेली एक मुलगी शेवटच्या पायऱ्या उतरत होती. ती फलाटावर पोचली, गर्दीत मिसळून गेली.

"नाही बाई. सगळे उतरले."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी कठडा सोडला, माझा दंड धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.